सावलीचा कौल

आमच्या गच्चीवर गेले वर्षभर एक पाहुणा मुक्कामाला आहे. तो बोलत नाही, खात नाही, जागाही फारशी अडवीत नाही. सकाळी पूर्वेकडे तोंड करून बसतो आणि संध्याकाळपर्यंत हळूहळू मान वळवीत पश्चिमेला पोचतो. मान वळवताना दर दहा-बारा मिनिटांनी 'घर्र' असा लहानसा आवाज होतो. प्रथम प्रथम त्या आवाजाने मी दचकत असे. आता तो आला नाही की दचकते.

हा पाहुणा म्हणजे सोलरची एक प्लेट. हल्ली अशा प्लेटा घरोघरी गच्चीवर दिसतात, पण त्या बिचाऱ्या दक्षिणेकडे कलून जन्मभर एकाच दिशेला पाहत बसलेल्या असतात. आमची तेवढी चंचल. तिच्या वरच्या काठाला काड्यापेटीएवढी एक डबी बसवलेली आहे आणि त्या डबीत दोन डोळे आहेत. सूर्य कोणीकडे आहे ते डबी ओळखते आणि खालची मोटर प्लेटला तिकडे फिरवते. ही डबी बसवण्याचा उद्योग आमच्या घरी कसा झाला ते सांगावेसे वाटते. कारण त्यात माझ्या वडिलांचा हात होता, आणि माझ्या वडिलांना दिसत नाही.

आम्ही चिखलीला राहतो. एका बाजूला भोसरीची औद्योगिक वसाहत, दुसऱ्या बाजूला तळवडे, आणि इंद्रायणी ओलांडून पुढे गेले की चाकणचा पट्टा. १९५४ साली पिंपरीला पेनिसिलीनचा सरकारी कारखाना स्थापन झाला, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ आले, आणि पवना-इंद्रायणीच्या मधली बाजरीची राने पाहता पाहता पत्र्याखाली गेली. चाकणला पूर्वी लोक दोन गोष्टींसाठी ओळखीत. एक कांद्याचा बाजार, आणि दुसरा संग्रामदुर्ग, जो फिरंगोजी नरसाळ्याने १६६० साली शाइस्तेखानाविरुद्ध जवळजवळ दोन महिने झुंजवला. आता तिथे मोटारी होतात.

आमच्याकडे आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते, हे बाहेरच्या माणसाला सांगितले की त्याला गंमत वाटते. विजेचा भार सगळीकडून एकदम पडू नये म्हणून निरनिराळ्या भागांना निरनिराळे वार वाटून दिले, त्यात आमच्या वाट्याला गुरुवार आला. दत्ताच्या वारी आमची यंत्रे विसावा घेतात. शाळांना मात्र रविवारच. त्यामुळे इथल्या कित्येक घरांत बापाची आणि मुलांची सुट्टी कधी एका दिवशी येत नाही. माझे बालपण तसेच गेले. अण्णा घरी असत तेव्हा मी शाळेत, आणि मी घरी असे तेव्हा ते कारखान्यात. अण्णांची आणि माझी खरी ओळख त्यांचे डोळे गेल्यावर झाली असे म्हटले तर ते फारसे खोटे होणार नाही.

अण्णा फिटर. १९७२ च्या दुष्काळात सातारा जिल्ह्यातले गाव सोडून पिंपरीला आले आणि एका कारखान्याच्या टूलरूममध्ये लागले. अठ्ठावीस वर्षांनी त्यांच्या हातातले काम संगणकावर चालणाऱ्या यंत्रांकडे गेले, आणि त्यांनी 'स्वेच्छेने' निवृत्ती घेतली. त्या शब्दातली स्वेच्छा कोणाची होती हे मी विचारीत नाही. पुढे दहा-बारा वर्षे भोसरीच्या लहान शेडमधून त्यांनी पडेल ते काम केले. काचबिंदूने डोळे आत येत चालले होते, पण त्यांनी ते कोणाला कळू दिले नाही. जिन्याच्या पायऱ्या मोजून ठेवल्या होत्या, ताटातल्या पदार्थांच्या जागा ठरवून घेतल्या होत्या. आमच्या लक्षात आले तेव्हा उशीर झाला होता. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. आता त्यांना उजेड आणि अंधार एवढेच कळते. रोज सकाळी ते गच्चीवर खुर्ची टाकून दक्षिणेकडे तोंड करून बसत आणि जेवायला हाक मारली की खाली येत. घरात बोलणे जवळजवळ संपले होते. एकदा नातवाने हत्यारांची पेटी उघडली तेव्हा म्हणाले, "राहू दे. भंगारवाला आला की दोन्ही एकदम द्या." दुसरे कोणते ते आम्हां सर्वांना कळले.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधीच्या एका गुरुवारी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. मी त्याला चौथीत मराठी शिकवले होते. ऱ्हस्वदीर्घाशी त्याचे शेवटपर्यंत जमले नाही, पण वर्गातला बंद पडलेला पंखा त्याने बाकावर चढून सुरू केला होता ते मला आठवत होते. पुढे आयटीआय करून तो चाकणला एका कारखान्यात कंत्राटी कामाला लागला. आमच्या या पट्ट्यात 'ब्रेक' नावाची एक चीज आहे. काही महिने काम झाले की कंत्राटी माणसाला घरी बसवतात, आणि पुन्हा घेतले तर नवा म्हणून घेतात. त्याचा हा तिसरा ब्रेक चालू होता.

"बाई, गच्ची पाहिजे," तो म्हणाला.

मला वाटले, लग्नाबिग्नाचे काही असेल. पण त्याला हवी होती ऊन पडणारी दोनशे चौरस फूट जागा. म्हाळुंग्याला चौघांत मिळून घेतलेल्या त्याच्या खोलीवर पत्रा होता, गच्ची नव्हती. सूर्याच्या मागे फिरणारी प्लेट त्याला तयार करायची होती. एका जागी बसलेली प्लेट सकाळी आणि दुपारनंतर तिरपे ऊन घेते. तीच जर सूर्याकडे वळत राहिली तर पंधरा ते पंचवीस टक्के वीज जास्त देते, असा हिशेब त्याने वहीच्या पाठकोऱ्या पानावर मांडून आणला होता. भोसरीचा एक छोटा कारखानदार ती पाहायला तयार झाला होता. पसंत पडली तर दहा नग करून घेईन म्हणाला होता. दहा नग म्हणजे ब्रेकमधून कायमची सुटका.

दहावीनंतर विज्ञानाशी माझा संबंध सुटलेला. मी होकार दिला तो त्या पंख्याच्या आठवणीवर. अण्णांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "सूर्य कुठे जातो ते सगळ्या जगाला ठाऊक आहे. त्याला यंत्र कशाला? दोरी बांध प्लेटला. मी बसलोच आहे, ओढीत जाईन."

ते रागाने बोलले होते, पण त्यांची सूचना अगदीच वेडी नव्हती. पुढे माझ्या वाचनात आले की आपल्या मुंबईतच हा प्रकार होऊन गेला आहे. विल्यम ॲडम्स नावाचे एक गृहस्थ हायकोर्टात डेप्युटी रजिस्ट्रार होते. त्यांनी १८७८ साली सूर्याच्या उष्णतेवर पुस्तक लिहिले, आणि लहान लहान सपाट आरशांची एक मोठी मांडणी करून उन्हाच्या वाफेवर अडीच हॉर्सपॉवरचे एंजिन चालवून दाखवले. ती आरशांची मांडणी बॉयलरभोवती अर्धवर्तुळाकार रुळावरून सूर्याबरोबर सरकवायला एक माणूस ठेवावा लागे. पुस्तकावर नाव साहेबाचे. ऊन खात आरसे ढकलणारा कोणी कोकणातला गडी असावा अशी मी माझ्यापुरती कल्पना करते. शिर्डीच्या संस्थानाने २००९ साली प्रसादालयासाठी गच्चीवर ज्या त्र्याहत्तर तबकड्या बसवल्या त्या सूर्याबरोबर आपल्या आपण फिरत. सव्वाशे वर्षांत त्या गड्याची जागा यंत्राने घेतली ती अशी.

तर आमच्या गच्चीवर काम सुरू झाले. पहिलाच प्रश्न दिशेचा आला. प्लेट ज्या आसावर डुलणार तो नेमका दक्षिणोत्तर पाहिजे, नाहीतर डोळे कितीही चांगले असोत, मान वाकडीच वळणार. विद्यार्थ्याने मोबाइलमधले होकायंत्र काढले. गच्चीच्या स्लॅबमध्ये सळया, शेजारी तिन्ही बाजूंना लोखंडी शेड. ते यंत्र दर दोन पावलांवर उत्तर दिशा बदलू लागले. बराच वेळ आमची कुजबुज ऐकून खुर्चीतून आवाज आला, "काठी रोवा."

माझे आजोबा गवंडी होते. देवळाचा पाया आखताना ते जे करीत ते अण्णांनी लहानपणी पाहिले होते. सपाट जागेवर ओळंब्यात एक काठी उभी करायची आणि तिच्याभोवती दोरीने वर्तुळ काढायचे. सकाळी काठीची लांब सावली आखडत आखडत वर्तुळाच्या आत शिरते तिथे एक खूण करायची, आणि दुपारनंतर ती वाढत बाहेर पडते तिथे दुसरी. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेघ मिळते. सूर्यसिद्धान्तात हीच रीत सांगितलेली आहे हे मी त्या दिवशी रात्री शोधून काढले. आजोबांनी ते पुस्तक डोळ्यांनीही पाहिले नसणार.

ओळंबा अण्णांनी स्वतः धरला. सावलीवर खडूच्या खुणा करायचे काम माझ्याकडे आले. त्या दिवशी मला आणखी एक गोष्ट समजली. सावली सर्वांत आखूड झाली तेव्हा घड्याळात बारा नव्हे, बारा वाजून वीस मिनिटे होत आली होती. आपले घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावर चालते, आपण चौऱ्याहत्तरच्या आसपास राहतो. त्यामुळे आपला मध्यान्ह सरासरी पस्तीस मिनिटे उशिरा होतो आणि ऋतूप्रमाणे पुढेमागे सरकतो. इतकी वर्षे मी मुलांना बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो असे सांगत आले होते. पुण्याच्या अक्षांशावर तो खरोखर डोक्यावर येतो वर्षातून दोनच दिवस, मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस, आणि जुलैत त्याला पाहणार कोण?

मग डबी आली. तिच्यातले डोळे पुण्याला तपकीर गल्लीत दहा-दहा रुपयांना मिळतात. बटणाएवढ्या चकतीवर नागमोडी रेघ असते. तिला एलडीआर म्हणतात. उजेड पडला की तिच्यातून वीज सहज जाते, अंधारात ती अडवून धरते. हा गुण माणसाला प्रथम कळला तो अपघाताने. १८७३ साली विलोबी स्मिथ नावाचा इंग्रज तंत्रज्ञ समुद्राखालच्या तारा तपासण्यासाठी सेलेनियमच्या कांड्या वापरीत होता. त्या कांड्यांचे माप स्थिर येईना. पुष्कळ डोकेफोड झाल्यावर लक्षात आले की त्यांच्यावर उजेड पडतो तेव्हा माप बदलते. आंधळ्या दगडाला उजेड कळतो हे असे कळले.

पण नुसता उजेड कळून दिशा कळत नाही. त्याची युक्ती फार साधी आहे आणि मला ती फार आवडली. दोन चकत्या शेजारी शेजारी बसवायच्या, एक पूर्वेकडे, एक पश्चिमेकडे, आणि मध्ये एक उभी पट्टी घालायची. सूर्य नेमका समोर असला की पट्टीची सावली कोणावरच पडत नाही. तो पश्चिमेला जरा सरकला की पूर्वेकडची चकती पट्टीच्या सावलीत जाते. दोघींच्या विजेची तागडी एका बाजूला झुकते, मोटर चालू होते, प्लेट पश्चिमेला वळते, आणि पुन्हा दोघींना सारखे ऊन मिळाले की थांबते. म्हणजे ही डबी सूर्य शोधीत नाही. आपल्या अंगावरची सावली चुकवीत राहते, एवढेच.

मोटर होती भंगारातून आणलेल्या मोटारीच्या वायपरची. मोटारींच्या गावात वायपरला काय तोटा! विद्यार्थ्याने डबी बसवली, तारा जोडल्या. प्लेट फिरली, थांबली, परत उलटी फिरली, पुन्हा सुलटी. हिवतापाचा रोगी हुडहुडावा तशी ती जागच्या जागी थरथरू लागली. अण्णा उठून चाचपडत जवळ आले आणि त्यांनी चौकटीवर हात ठेवला.

"प्ले नाही ठेवलास," ते म्हणाले.

"अण्णा, गियर घट्टच आहे."

"गियरचं नाही म्हणत. तुझ्या त्या तागडीत प्ले पाहिजे. दोन भागांत जरा मोकळीक नसली तर यंत्र अडकतं, फार असली तर खडखडतं. थोडा फरक पडला तर तिला गप्प बसायला शिकव."

विद्यार्थी त्यांच्याकडे पाहतच राहिला. पुस्तकात या गोष्टीला मोठे इंग्रजी नाव आहे म्हणे. त्याने एक बारीक स्क्रू फिरवला. प्लेट शांत झाली. तीन अंशांचा फरक पडेपर्यंत ती आता हलत नाही. सूर्य तासाला पंधरा अंश चालतो, म्हणून बारा मिनिटांनी एकदा 'घर्र'.

तरीही दुपारी ती सूर्याच्या जरा मागेच राही. कारण आम्हां डोळसांना दिसेना. अण्णांनी डबी उघडायला लावली आणि मधल्या पट्टीवरून अंगठा फिरवला. मग बायकोच्या दागिन्यांची पेटी उघडावी तशी आपली हत्यारांची पेटी उघडली, गुण्या काढला, पट्टीला लावला आणि म्हणाले, "पाव सूत कललीय." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, त्याचाही चौथाई. पट्टी तळाशी काटकोनात नव्हती, म्हणून सूर्य समोर असतानाही तिची सावली एका बाजूला पडत होती. त्यांनी कानस घेतली. कानशीचा तो आवाज आमच्या घरात कित्येक वर्षांनी झाला. मी जिन्यात उभी राहून ऐकत होते; वर जायचे धाडस झाले नाही.

भर उन्हात दोन्ही डोळे दिपून जात आणि त्यांना फरक कळेना, तेव्हा अण्णांच्याच छातीच्या जुन्या एक्सरेचा तुकडा कापून दोघांवर चष्म्यासारखा बसवला. "चला," अण्णा म्हणाले, "बरगड्या तरी कामाला आल्या." त्यांना विनोद करताना मी किती दिवसांनी ऐकले ते आठवेना.

दिवाळीत एक नवल झाले. वसुबारसेला आम्ही गच्चीच्या पूर्वेच्या कठड्याला उंच बांबू बांधून आकाशकंदील लावला. तोवर प्लेट संध्याकाळी पश्चिमेला जाऊन तशीच झोपत असे आणि सकाळी तिला हाताने पूर्वेकडे वळवावे लागे. त्या रात्री नऊच्या सुमारास गच्चीवर 'घर्र' झाले. वर जाऊन पाहतो तो प्लेट पूर्वेकडे वळून आकाशकंदिलाकडे एकटक पाहत बसलेली. डबी उजेड मोजत नाही, फरक मोजते. अंधारात तिला सूर्य आणि साठ रुपयांचा कंदील सारखाच. विद्यार्थ्याला फोन केला तर तो खजील झाला. पण सकाळी सूर्य उगवला तो थेट तिच्या तोंडावर. दिवाळीचे सगळे दिवस आकाशकंदिलाने तिला रात्री पूर्वेच्या दारात आणून बसवले. तुळशीच्या लग्नानंतर कंदील उतरवला आणि ती पुन्हा पश्चिमेलाच राहू लागली. मग विद्यार्थ्याने तिसरा डोळा बसवला. पुरता अंधार पडला की तो बाकीच्या दोघांना गप्प करतो आणि मोटरला पूर्वेकडे परत पाठवतो. व्यवस्था चोख झाली. मला मात्र जुनीच बरी वाटत होती.

पौषात आमच्या पश्चिमेच्या शेडमालकाने शेडची उंची वाढवली. नव्या कोऱ्या पत्र्याची भिंत आमच्या गच्चीच्या वर डोकावू लागली. तीन-चार दिवसांनी अण्णा जेवताना म्हणाले, "प्लेट हल्ली सूर्याच्या पुढे पळते. दहा वाजताच अकराचा आवाज होतो." ते आवाज मोजीत असतात हे मला तेव्हा कळले. आम्ही जाऊन पाहिले. प्लेट खरोखरच सूर्याला सोडून भलतीकडे, सूर्य आणि शेड यांच्या मध्ये कुठेतरी तोंड करून उभी होती. विद्यार्थी तारा तपासू लागला. अण्णा आपल्या खुर्चीत दक्षिणेकडे तोंड करून बसले, आणि थोड्या वेळाने त्यांनी उजव्या गालावर हात ठेवला.

"सकाळच्या वेळी ऊन डाव्या गालाला लागायला हवं. मला दोन्हीकडून लागतंय. तो पत्रा उलटं मारतोय."

मी त्यांच्याकडे पाहिले. दोन गाल, आणि मध्ये नाकाची उभी पट्टी. इतके दिवस ते गच्चीवर नुसते बसत नव्हते.

महाभारतात कर्ण पूर्वेकडे तोंड करून पाठ तापेपर्यंत जप करीत उभा असे. त्याने मान वळवली नाही. सूर्यच डोक्यावरून त्याच्या पाठीमागे गेला. कुंती त्याला भेटायला आली तेव्हा उन्हाने कोमेजून त्याच्या उत्तरीयाच्या सावलीत थांबली होती. इतके मोठे गुपित घेऊन आलेली ती बाई मुलाच्या सावलीत उभी आहे आणि मुलाला ठाऊक नाही, हे चित्र मी वर्गात पुष्कळदा रंगवून सांगितले आहे. जवळच्या माणसाच्या सावलीत आपण किती वेळ उभे असतो याचा हिशेब मी घरी कधी केला नव्हता.

पत्र्याच्या उलट्या उन्हावर उपाय अण्णांनीच केला. घाण्याच्या बैलाला झापड लावतात तशी दोन लहान झापडे त्यांनी पत्र्याची पट्टी कापून डबीच्या दोन्ही अंगांना बसवली आणि आतून काळा रंग द्यायला लावला. आडवे येणारे ऊन त्यांत अडकू लागले.

माघात कारखानदार आले. सभ्य गृहस्थ होते. चहा घेतला, तासभर गच्चीवर उभे राहिले, दोनदा 'घर्र' ऐकले, अण्णांनी कानशीने घासलेल्या पट्टीला बोट लावून पाहिले. मग विद्यार्थ्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काम उत्तम आहे. पण हिशेब कर. प्लेट आता किती स्वस्त झाली आहे! तुझी मोटर, चौकट, ही डबी, वर देखभाल. तेवढ्या पैशांत मी आणखी एक प्लेट शेजारी टाकीन. ती फिरणार नाही, बिघडणार नाही." मोठमोठ्या प्रकल्पांत प्लेटा फिरवतात ते त्यांना ठाऊक होते, पण तिथेही बहुतेक ठिकाणी मोटर डोळ्यांवर चालत नाही. तारीख, वेळ आणि जागा दिली की सूर्य कुठे असेल ते गणिताने काढता येते, आणि मोटर त्या पंचांगाप्रमाणे वळते. ढग आला म्हणून पंचांग भांबावत नाही.

विद्यार्थी काही बोलला नाही. कारखानदार गेल्यावर त्याने पक्कड उचलली आणि डबीचे स्क्रू काढायला लागला. मला काय बोलावे सुचेना. चौथीच्या मुलाला 'पुढच्या वेळी प्रयत्न कर' म्हणणे सोपे असते.

"त्यांचा हिशेब बरोबर आहे," अण्णा म्हणाले. मला त्यांचा राग आला. पण ते पुढे म्हणाले, "मलाही असाच हिशेब दाखवला होता. तोही बरोबर होता. मी घरी येऊन पेटीला कुलूप लावलं. चोवीस-पंचवीस वर्षं झाली. तू ते स्क्रू परत लाव. गच्ची आमची आहे."

त्याने स्क्रू परत लावले. रडला की काय ते मी पाहिले नाही, अण्णांना तर पाहायचे नव्हतेच.

होळीनंतर चाकणहून त्याला बोलावणे आले. पुन्हा नवा म्हणून, पुन्हा कंत्राटी, बहुधा दुसरी पाळी. आता तो गुरुवारी येतो. रात्री स्वयंपाकघरातला दिवा आणि पंखा त्या एका प्लेटवर चालतो. त्यापलीकडे तिचा व्यवहारात उपयोग नाही, हे मी कारखानदारांच्या बाजूने कबूल करते. रोज सकाळी अण्णा ओल्या फडक्याने डबीवरची काच पुसतात. शेजारच्या ग्राइंडिंगची धूळ तिच्यावर फार बसते, आणि धूळ एका बाजूला जास्त बसली की प्लेट तेवढी चुकते, हेही त्यांनीच शोधून काढलेले आहे.

मेच्या मध्याला मी सुट्टीत होते. साडेबाराच्या सुमारास त्यांनी मला वर बोलावले आणि दिशेसाठी रोवलेल्या त्या जुन्या काठीची सावली कुठे आहे ते विचारले. मी वाकून पाहिले. सावली काठीच्या बुडाशी गोळा झाली होती. नव्हतीच म्हणा ना. "नाही," मी म्हटले. ते मान डोलावून म्हणाले, "प्लेट आता अगदी सपाट असेल." ती तशीच होती.

पावसाळ्यात सगळीकडून सारखा पांढरा उजेड येत असे आणि तागडी कुठेच झुकत नसे. प्लेट दिवस दिवस एका जागी राही. अण्णाही मग खालीच बसत. मध्येच एखाद्या दिवशी ढग फाटे, वर 'घर्र' होई, आणि माझ्या आधी ते जिन्याकडे निघत.

परवा त्यांनी आकाशकंदिलाचा विषय काढला. पूर्वेच्या कठड्यालाच लावायचा म्हणाले. मी म्हटले, "अण्णा, आता तो तिसरा डोळा आहे. रात्री ती आपली आपण परत येते. कंदील कुठेही लावला तरी चालेल."

"चालेल ना," ते म्हणाले. "पण डोळ्याचा काय भरवसा?"

आज गुरुवार. विद्यार्थी दुपारी यायचा आहे. अण्णा माळ्यावरचा बांबू काढायला लावून सकाळपासून त्याचे टोक कानशीने घासत बसले आहेत. कठड्याच्या कडीत तो बसायला एक सूत जाड आहे म्हणतात.